भुकेला दिसतो म्हणून भरवू नका
वाचकांचे प्रश्न : पाळीव बोआचा आहार आणि वाढ

या वेळच्या पत्रांत बोआ कन्स्ट्रिक्टर या सापाविषयीचे प्रश्न सर्वाधिक आहेत आणि ते जवळजवळ सगळे खाण्याभोवती फिरतात. किती द्यायचं, किती दिवसांनी द्यायचं, खात नसेल तर काय, ओकला तर काय. पुस्तकात दिलेलं वेळापत्रक कोकणात जसंच्या तसं चालत नाही, कारण इथे पावसाळा आहे, वीज जाते आणि हवा खारी-दमट असते. म्हणून उत्तरं इथल्या घरांचा विचार करून दिली आहेत.

प्रश्न (गुहागर) : माझा बोआ सात महिन्यांचा आहे, वजन ३१० ग्रॅम. विक्रेत्याने सांगितल्याप्रमाणे दर चार दिवसांनी ३५ ते ४० ग्रॅमचा उंदीर देतो. तरीही पेटीजवळ गेलं की तो मान आखडून झेपेच्या तयारीत असतो. खाणं वाढवू का? आणि पूर्ण वाढल्यावर किती मोठा होईल?

उत्तर : वाढवू नका, आजच कमी करा. तुमच्याच आकड्यांवरून हिशेब करा. चार दिवसांनी एक म्हणजे महिन्याला सात-आठ उंदीर, म्हणजे सुमारे २८० ग्रॅम. तुमचा बोआ दर महिन्याला जवळपास स्वतःच्या वजनाइतकं खातो आहे. या वयात त्याला याच्या पाव हिश्श्याहूनही कमी पुरतं.

झेपावणं ही गरज नव्हे, ती त्याची घडण आहे. बोआ दबा धरून बसणारा शिकारी. रानात त्याच्यासमोर कधी आठवड्याने, कधी दोन महिन्यांनी भक्ष्य येतं, त्यामुळे समोर आलेलं सोडायचं नाही हे त्याच्यात जन्मतःच असतं. पोट भरलेलं असतानाही तो झेपावेल. त्याची झेप बघून वेळापत्रक ठरवणं ही पाळणाऱ्यांची सगळ्यांत मोठी चूक, आणि आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींतल्या निम्म्या तिथूनच सुरू होतात.

दोन जेवणांमधल्या दिवसांत आत काय घडतं, हेही समजून घ्या. रिकाम्या पोटी बोआचं आतडं आकसलेलं, जवळजवळ बंद असतं. भक्ष्य गिळल्यावर ते पुन्हा चालू होतं, आतड्याचं अस्तर जाड होतं, यकृत आणि मूत्रपिंडं मोठी होतात, शरीराचा ऊर्जाखर्च कित्येक पटींनी वाढतो. पचन संपल्यावर हे सगळं पुन्हा आवरायला दिवस लागतात. चौथ्या दिवशी दुसरा उंदीर दिलात की पहिल्याचं काम अर्धवट असताना दुसरं लादलं जातं. अजगरांच्या काही जाती हे काही काळ सोसतात. बोआ सोसत नाही, तो ओकतो. आणि ओकला नाही तर चरबी साठवतो, पोटाच्या पोकळीत, यकृतात, हृदयाभोवती. बाहेरून साप ‘छान भरलेला’ दिसतो आणि वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षी अचानक जातो. नीट सांभाळलेला बोआ वीस ते तीस वर्षं जगतो. फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातला एक बोआ चाळीस वर्षांहून अधिक जगला होता.

आता वेळापत्रक. वयावर न जाता वजनावर जा. वजन ३०० ग्रॅमच्या आत असेपर्यंत दर १० ते १४ दिवसांनी एक भक्ष्य, सापाच्या वजनाच्या ८ ते १० टक्के. ३०० ग्रॅम ते एक किलोपर्यंत १४ ते १८ दिवसांनी, ६ ते ८ टक्के. एक ते तीन किलोपर्यंत तीन ते चार आठवड्यांनी, ५ ते ६ टक्के. त्याहून मोठ्या सापाला चार ते सहा आठवड्यांनी, ४ ते ५ टक्के. पूर्ण वाढलेल्या नराला सहा आठवड्यांहून मोठी खंडही चालते. म्हणजे पाच किलोच्या मादीला महिना-सव्वा महिन्याने २५० ग्रॅमचा एक उंदीर पुरतो. ऐकायला हे फार कमी वाटतं, पण एवढंच लागतं. दुसरी खूण भक्ष्याच्या जाडीची. ते सापाच्या सर्वांत जाड भागाइतकं किंवा किंचित बारीक असावं. गिळल्यावर बाहेरून हलका फुगवटा दिसला तर बरोबर, कातडी ताणून खवल्यांमधल्या फटी दिसू लागल्या तर भक्ष्य मोठं झालं.

तुमच्या बोआसाठी याचा अर्थ २० ते २५ ग्रॅमचं उंदराचं पिल्लू किंवा पूर्ण वाढलेला माउस (लहान जातीचा उंदीर), दर १४ दिवसांनी. पुढचे दोन महिने वजन जागेवरच राहिलं तरी घाबरू नका.

वाढीविषयी. पाळीव म्हणून जगभर फिरणारे बहुतेक बोआ मध्य अमेरिका आणि उत्तर कोलंबियाकडच्या बोआ इम्परेटर जातीचे असतात, मग दुकानदार ‘रेड टेल’ म्हणो की आणखी काही. त्यांची पिल्लं जन्मतः ४० ते ५० सेंटिमीटर असतात. सावकाश वाढवलेला साप वर्षाला ७५ ते ९० सेंटिमीटर आणि २०० ते ३५० ग्रॅम, दुसऱ्या वर्षाअखेर सव्वा मीटरच्या आसपास आणि ६०० ग्रॅम ते एक किलो होतो. पुढे वेग मंदावतो, पण वाढ कित्येक वर्षं चालू राहते. नर दीड ते पावणेदोन मीटरवर स्थिरावतात, माद्या १.८ ते २.४ मीटरपर्यंत जातात. दक्षिण अमेरिकेतल्या खऱ्या रेड टेलच्या माद्या याहून मोठ्या होतात. तुमचा साप सातव्या महिन्यातच वर्षाचं वजन गाठून बसला आहे. कमी खायला घातलं म्हणून साप खुजा राहत नाही. अंतिम लांबी मुख्यतः जात आणि लिंग यांवर ठरते, तुम्ही फक्त तिथवर पोहोचायचा वेग ठरवता.

वजन दर वेळी खायला देण्याआधी, रिकाम्या पोटी करा. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला पाच किलोचा काटा पुरतो (सापासाठी वेगळाच घ्या). झाकणाचा डबा ठेवून काटा शून्य करायचा आणि मग साप आत सोडायचा. लांबी मोजायला त्याला ताणू नका, मणक्याला इजा होते. फरशीवर सरळसा पसरला की वरून फोटो काढा, एका फरशीचं माप माहीत असतंच, फोटोवर दोरा पाठीच्या रेषेने फिरवून हिशेब करा. कातेवरून मोजलेली लांबी धरू नका, कात निघताना बरीच ताणली जाते.

प्रश्न (देवगड) : दोन वर्षांच्या, १.२ किलोच्या बोआला जुलैत ११० ग्रॅमचा उंदीर दिला. त्याच रात्री वादळी पावसात वीज गेली ती दोन दिवस आली नाही. चौथ्या दिवशी त्याने अर्धवट पचलेला उंदीर ओकला, भयंकर वास येत होता. आता अशक्त होईल म्हणून लगेच लहान उंदीर देऊ का?

उत्तर : देऊ नका. ओकल्यानंतर घाईने दिलेलं दुसरं जेवण पहिल्या ओकण्यापेक्षा जास्त घातक असतं.

झालं असं की गरम जागा नाहीशी झाली. कोकणात पावसाळी रात्री घरात २४-२५ अंश असतात. माणसाला ते सुखाचं, पण पोटात भक्ष्य असलेल्या बोआला ३१-३२ अंशांची एक बाजू लागते. ती नसली की पाचकरस मंदावतात आणि उंदीर पचण्याऐवजी आतल्या आत कुजू लागतो. शरीर तो बाहेर फेकतं. त्याबरोबर आम्ल वर येतं, अन्ननलिकेचं अस्तर भाजतं, आतड्यातले उपयुक्त जिवाणू आणि पाणी जातं. हे भरून यायला वेळच द्यावा लागतो. शिवाय तुमचा उंदीर वजनाच्या ९ टक्के होता. या वजनाला ७० ग्रॅम पुरला असता. मोठं भक्ष्य आणि थंडी एकत्र आली.

पेटी रिकामी करून साबणाने धुवा, मग एक भाग घरगुती ब्लीच आणि तीस भाग पाणी दहा मिनिटं ठेवून पुसा, स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी होऊ द्या. ब्लीचचा वास राहता कामा नये. ताजं पाणी ठेवा. पुढचे किमान १४ दिवस, शक्यतो तीन आठवडे, काहीही खायला देऊ नका आणि हाताळू नका. मग ३५ ते ४० ग्रॅमचं एक लहान भक्ष्य. टिकलं तर पुन्हा १४ दिवसांनी ५० ग्रॅम, त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी ७० ग्रॅम. यातली एक पायरीही गाळू नका.

या काळात पुन्हा ओकला तर सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे जा आणि ताज्या विष्ठेचा नमुना न्या. जंत, अमीबा, क्रिप्टोस्पोरिडियम यांची तपासणी होते. वारंवार ओकणं हे इन्क्लुजन बॉडी डिसीजचंही लक्षण असतं. हा आजार रेप्टअरेनाव्हायरस या विषाणूंमुळे होतो आणि त्यावर औषध नाही. साप डोकं वर करून आकाशाकडे बघत राहणं, उताणा केल्यावर लवकर सुलटा न होणं, झेपताना नेम चुकणं ही पुढची लक्षणं. घरात दुसरा साप असेल तर त्याची पेटी, चिमटा, पाण्याचं भांडं सगळं वेगळं ठेवा. पाण्याच्या भांड्यात काळे बारीक ठिपके दिसले तर ते माइट्स, म्हणजे सापाच्या अंगावरचे बारीक परजीवी किडे, आणि या विषाणूंचा प्रसार त्यांच्यामार्फत होत असल्याचा संशय आहे. नवा साप आणला की ९० दिवस वेगळ्या खोलीत ठेवायचा नियम यासाठीच.

विजेचं म्हणाल तर जूनआधी तयारी करा. १२ व्होल्टची १५० एएच बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॅट-तास, पण प्रत्यक्षात वापरण्याजोगे हजारच्या आसपास धरा. ८० वॅटचा सिरॅमिक हीटर त्यावर सलग बारा तास चालेल. थर्मोस्टॅट तो मधून मधून बंद करत असल्याने प्रत्यक्षात जास्तच. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा घ्या. साध्या स्क्वेअर वेव्हवर डिमिंग पद्धतीचे थर्मोस्टॅट नीट चालत नाहीत. बंदराजवळच्या घरांत थर्मोस्टॅटच्या प्रोबची टोकं आणि प्लगच्या पिना खाऱ्या हवेने गंजतात आणि आकडा चुकू लागतो. दर महिन्याला दुसऱ्या थर्मामीटरशी ताडून पाहा.

बॅटरीही संपली तर बाटल्यांत ४५-५० अंशांचं गरम पाणी भरून जुन्या टॉवेलात गुंडाळा, पेटीच्या एकाच कोपऱ्यात ठेवा म्हणजे सापाला दूर सरकता येईल, आणि दोन-तीन तासांनी बदला. शेगडी, कोळसा, गॅस बंद खोलीत वापरू नका, कार्बन मोनॉक्साइडने साप आणि माणूस दोघांनाही धोका आहे. आणि सर्वांत सोपा उपाय असा की हवामान खात्याने ऑरेंज किंवा रेड अलर्ट दिला असेल त्या आठवड्यात खायला घालूच नका. रिकाम्या पोटी बोआ २४-२५ अंशांत दोन-चार दिवस सहज काढतो.

पावसाळ्यात पेटीत फवारणी बंद ठेवा. बोआला ५५ ते ७० टक्के आर्द्रता हवी आणि कोकणात तेव्हा हवेतच ९० असते. पाण्याचं भांडं लहान करा, झाकणाची जाळी मोकळी ठेवा. खाली कोकोपीट असेल तर ते ओलं राहून पोटाखालच्या खवल्यांना फोड येतात. त्या चार महिन्यांत वर्तमानपत्र बरं, रोज बदलता येतं.

प्रश्न (मालवण) : इथे ताजे मासे रोज मिळतात, तारली आणि मांदेली तर स्वस्तही. बोआला मासे चालतील का? चिकनचे तुकडे? आणि माडाच्या बागेत सापळ्यात सापडलेले उंदीर?

उत्तर : तिन्ही नाही.

तारली हेरिंगच्या कुळातली आणि मांदेली अँकोव्हीच्या. या गटांतल्या अनेक माशांत थायमिनेज हे विकर असतं, ते ब-१ जीवनसत्त्व मोडून टाकतं. अशा आहारावर राहिलेल्या सापाला झटके येतात. तेलकट माशांमुळे ई जीवनसत्त्वही कमी पडतं. त्यातच बोआ हा मुळात सस्तन प्राणी आणि पक्षी खाणारा, त्याला माशांची गरज नाही.

चिकनच्या तुकड्यांत कॅल्शियम अगदी थोडं आणि फॉस्फरस पुष्कळ. हाडं, यकृत, केस, आतड्यातलं अन्न हे सगळं मिळून उंदीर पूर्ण आहार होतो. अख्खं भक्ष्यच हवं. फार्मवरची बटेर किंवा एक दिवसाचं कोंबडीचं पिल्लू, आधी गोठवलेलं, अधूनमधून चालेल. फक्त पिल्लांवर ठेवलेल्या सापाची विष्ठा पातळ होते आणि पुढे तो उंदीर नाकारू लागतो.

बागेतले उंदीर सर्वांत धोक्याचे. ब्रोमॅडिओलोनसारखं विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, दोन-चार दिवस हिंडत राहतो आणि सापळ्यात सापडतो तेव्हा निरोगी दिसतो. ते विष सापाच्या पोटात जातं. जंत आणि गोचिड्या वेगळ्याच. आणि पावसाळ्यात रानउंदीर हाताळणाऱ्याला लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो, हे कोकणात सांगायला नको. जिवंत उंदीर तर पाळलेलाही देऊ नका. कोपऱ्यात सापडलेला उंदीर चावतो, सापाचे डोळे आणि पाठ फाडतो, आणि उंदराच्या वाट्याला येणारी भीतीही विनाकारण आहे. मारून गोठवलेला द्या.

प्रश्न (सावंतवाडी) : तीन वर्षांचा नर, वजन १.६ किलो. दिवाळीनंतर एकदाही खाल्लेलं नाही, संक्रांत होऊन गेली. दर तीन दिवसांनी उंदीर दाखवतो, तोंड फिरवतो. जबरदस्तीने भरवावं का?

उत्तर : नाही. वयात आलेले नर थंडीच्या दिवसांत, म्हणजे प्रजननाच्या हंगामात, महिनोन्महिने खात नाहीत. सावंतवाडीत डिसेंबर-जानेवारीच्या रात्री चांगल्याच गार होतात, त्याने हे आणखी पक्कं होतं. काट्यावर लक्ष ठेवा. दिवाळीच्या वजनापेक्षा १० टक्क्यांपर्यंत, म्हणजे तुमच्या सापाबाबत १६० ग्रॅमपर्यंत घट चालते. त्यापुढे गेली, किंवा तोंडात पिवळट दह्यासारखा पू दिसला, श्वासाला शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तोंड उघडं ठेवू लागला, तर मात्र उशीर न करता पशुवैद्य.

दर तीन दिवसांनी उंदीर दाखवणं थांबवा, त्याने साप आणखी बिथरतो. तीन आठवड्यांनी एकदा, संध्याकाळनंतर, दिवे मंद करून, नेहमीपेक्षा लहान उंदीर द्या. घेतला नाही तर तासाभराने काढून टाका. डोळे दुधाळ झाले असतील तर कात टाकेपर्यंत वाट पाहा. जबरदस्तीने भरवताना अन्ननलिका फाटते, भक्ष्य श्वासनलिकेच्या तोंडाशी अडकतं. ते काम पशुवैद्याचं, तेही शेवटचा उपाय म्हणून.

प्रश्न (चिपळूण) : पाच वर्षांची मादी, लांबी १.९ मीटर, वजन ७.५ किलो. दर दहा दिवसांनी मोठा उंदीर देतो. ती लठ्ठ आहे का, हे कसं ओळखायचं?

उत्तर : आहे, आणि बरीच. या लांबीच्या मादीचं वजन चार ते पाच किलोंच्या आसपास असावं.

निरोगी बोआचं शरीर मधे कापल्यासारखं डोळ्यांपुढे आणा. ते लादीतल्या सुट्या पावासारखं दिसतं, खाली सपाट, बाजू उभ्या, वर गोलसर. पूर्ण गोल नळीसारखं झालं की चरबी आली. मणक्यांची रेषा पाठीत बुडाली असेल, वळताना कातडीला खोल घड्या पडत असतील, शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना फुगवटे असतील, डोकं शरीराच्या मानाने लहान दिसत असेल, तर शंका उरत नाही. उलट पाठीचा कणा धारदार वर आलेला आणि बाजू खोल गेलेल्या असतील तर साप खंगलेला.

आधी एक खात्री करून घ्या. ती कधी नराबरोबर राहिली असेल तर ती गाभण नाही ना, हे पशुवैद्याकडून सोनोग्राफीने पाहा. बोआ अंडी घालत नाही, पिल्लं देतो आणि गाभण मादीला उपाशी ठेवणं चुकीचं.

गाभण नसेल तर एकदम खाणं तोडू नका. लठ्ठ प्राण्याचं खाणं अचानक बंद झालं की चरबी एकदम यकृताकडे धावते. पहिले दोन महिने तीन आठवड्यांनी २०० ग्रॅमचा उंदीर, मग चार आठवड्यांनी १५० ते २०० ग्रॅम, मग सहा आठवड्यांवर स्थिर करा. महिन्याला एक टक्क्याच्या आसपास घट झाली तरी पुष्कळ. वर्षात किलोभर उतरेल आणि योग्य वजनाला यायला तीन-चार वर्षं लागतील. पेटी किमान १.८ मीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद-उंच हवी, आणि आत तिचं वजन पेलेल अशी फणसाची जाड फांदी घट्ट बांधून द्या. रात्री ती चढेल. एकाच कोपऱ्यात गुंडाळून बसलेल्या सापाची चरबी नुसत्या उपासाने जात नाही.

प्रश्न (अलिबाग) : माझ्या मुलाकडे सहा फुटी बोआ आहे. घरात आता तीन वर्षांची नात आली आहे. तो सापाला बाहेर काढून बादलीत खायला घालतो, म्हणजे पेटीत हात घातल्यावर चावणार नाही म्हणे. हे बरोबर आहे का?

उत्तर : तुमची काळजी योग्य आहे. बादलीची पद्धत मुलाला सोडायला सांगा. भक्ष्य गिळलेल्या, अजून शिकारीच्या आवेशात असलेल्या सहा फुटी सापाला उचलून परत नेणं हीच चावा बसायची वेळ असते, आणि हालवाहालवीने तो ओकतोही. पेटीतच खायला घालावं, ४५ सेंटिमीटरच्या लांब चिमट्याने, आणि नंतर तीन-चार दिवस हात लावू नये. एरवी काढताना आधी हुकने (टोक वाकवलेल्या काठीने) अंगाला हलका स्पर्श करावा. काही आठवड्यांत सापाला कळतं की हुक लागला म्हणजे खाणं नाही. उंदराचा वास हाताला असताना पेटी उघडू नये.

साप सहा फुटांचा झाला की खायला घालताना आणि हाताळताना घरात दुसरा प्रौढ माणूस जवळ असलाच पाहिजे. चावून धरला तर ओढू नका, दात मागे वळलेले असतात, जखम फाटते. तोंडापाशी थोडं स्पिरिट लावलं किंवा गार पाणी सोडलं की सोडतो. वेढे शेपटीकडून उलगडावेत.

पेटीला कुलूप हवंच. आणि नातीला सापाला, त्याच्या पाण्याच्या भांड्याला हात लावू देऊ नका. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला हा जिवाणू असतो आणि पाच वर्षांखालच्या मुलांना त्याचा त्रास गंभीर होतो. पेटीची भांडी स्वयंपाकघरातल्या मोरीत धुवायची नाहीत.

प्रश्न (कुडाळ) : जूनअखेर बागेत दोन फुटांचं अजगराचं पिल्लू सापडलं. बोआसारखंच खायला घालून मोठं केलं तर चालेल का?

उत्तर : नाही. आपला अजगर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली पहिल्या अनुसूचीत आहे, तो बाळगणं गुन्हा आहे. वन खात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा, तोवर खायला-प्यायला काही देऊ नका. जून-जुलैत अंड्यांतून बाहेर पडलेली अशी पिल्लं बागांत दिसतातच, ती हरवलेली नसतात. मांडूळ आणि दुरक्या घोणस यांनाही हाच कायदा. बिनविषारी दुरक्या घोणस समजून विषारी घोणस उचलल्याने जीव गेले आहेत, म्हणून ओळखीवर विसंबून हात घालूच नका.

ज्यांच्याकडे बोआ आहे त्यांनीही लक्षात ठेवावं की तो साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या, यादीत आहे. कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे अशा प्राण्याची नोंद ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. खरेदीची कागदं नसतील तर विक्रेत्याकडून घेऊच नका.

प्रश्न (रत्नागिरी) : गोठवलेले उंदीर आम्ही एकदम महिन्या-दोन महिन्यांचे आणून ठेवतो. वितळवायची बरोबर पद्धत कोणती? आणि वीज गेल्यावर ते अजून वापरण्याजोगे आहेत, हे कसं ठरवायचं?

उत्तर : उणे १८ अंशांना सहा महिन्यांपर्यंत ठेवता येतात. प्रत्येक उंदीर वेगळ्या पिशवीत, वर वजन आणि तारीख लिहून. घरच्या सुरमईशेजारी नकोत, लहान वेगळा फ्रीजर घ्या.

खायला घालायच्या आदल्या रात्री पिशवीसकट फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पिशवी बंद ठेवूनच ४० ते ४५ अंशांच्या पाण्यात १५-२० मिनिटं बुडवा. पोट दाबून पाहा, आत कडक गोळा लागला तर अजून वितळलेला नाही. असा गार गाभा पोटात गेला की साप ओकतो. बाहेरची उष्णता ३८ ते ४० अंश आली, आणि डोकं धडापेक्षा किंचित गरम असलं, की साप नेमका डोक्याकडून धरतो. मायक्रोवेव्ह वापरू नका, एक भाग शिजतो आणि पोट फुटतं. उकळतं पाणीही नको. उंदीर कागदाने कोरडा करून द्या, ओल्या अंगाला कोकोपीट चिकटून तोंडात जातं. न खाल्लेला उंदीर कोकणच्या हवेत दोन तासांवर ठेवू नका, वासही येतो आणि मुंग्याही. तो पुन्हा गोठवायचा नाही, पुरून टाका.

वीज गेल्यावर झाकण उघडलं नाही तर गच्च भरलेला फ्रीजर सुमारे ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास गोठण टिकवतो. म्हणून रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा. तुम्ही घरी नसताना वीज जाऊन आली, हे कळायला एका वाटीत पाणी गोठवा, वर एक रुपयाचं नाणं ठेवा आणि वाटी फ्रीजरमध्येच राहू द्या. परत आल्यावर नाणं वरच असेल तर माल ठीक. अर्ध्यावर बुडालेलं असेल तर एकेक उंदीर दाबून पाहा, मऊ पडलेला टाकून द्या. नाणं तळाला गेलं असेल तर सगळेच टाका.